आ इमच्या फाइलीतले चार व्होल्ट

बायान लेपास, पिनांग
९ ऑक्टोबर

आ कू,

सख्खा मामा असून तुम्ही फोन उचलत नाही, आणि घरच्या व्हॉट्सअॅपवर लिहावं तर तिथे आ किम बसलेली. तुम्हाला लिहिलेलं मामीने आधी वाचायचं आणि साऱ्या बुकित तांबुनच्या धक्क्यावर सांगायचं, त्यापेक्षा ही मेल बरी. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला मेल उघडता येते, हे मला ठाऊक आहे. सोंग करू नका.

मागोमाग कुरियरने एक पांढरा खोका येईल. आमच्या कंपनीचं नवं यंत्र, विक्रीला निघायच्या आधीचं. पाण्यात दांडी सोडायची, की लिटरभर पाण्यात ऑक्सिजन किती मिलिग्रॅम ते खोका दाखवतो, आणि चारच्या खाली गेला की तुमच्या फोनवर बोंबलतो. तुमच्या खाडीतल्या पिंजऱ्यांतले हेकरू मासे फेब्रुवारीत आपल्या चिनी नव्या वर्षाच्या जेवणावळींना जायचेत. तीन वर्षं पोसलेला मासा शेवटच्या चार महिन्यांत गुदमरून मेला तर तुम्ही काय करणार आहात? म्हणून पाठवतेय. ऑक्सिजन तपासायच्या त्या थेंबांच्या बाटल्या आता फेका.

आता माझी बढाई ऐका. खोक्याच्या पोटात लिनक्स नावाची संगणक चालवणारी प्रणाली आहे, आणि लिनक्सला डोळे नसतात. बोर्डावर कुठली चिप आहे, तिला काय कुठून जोडलंय, हे सगळं एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. ती फाइल मी लिहिलीय. त्यात सगळ्यात महत्त्वाची ओळ म्हणजे मोजणाऱ्या चिपचा संदर्भ, म्हणजे ती ज्याच्याशी ताडून मोजते ते व्होल्टेज. चिप काही व्होल्ट ओळखत नाही. ती एवढंच सांगते की दांडीतून आलेलं व्होल्टेज माझ्या संदर्भाचा इतका हिस्सा आहे. संदर्भ किती, ते फाइलीतून वाचायचं आणि गुणायचं. मी लिहिलं, संदर्भासाठी वेगळी चिप, चार व्होल्ट.

ही फाइल जगभराच्या लिनक्सात जायची तर परीक्षा असते. रीगा शहरात इल्झे नावाची बाई आहे, तिने पाच वेळा परत पाठवली. एकदा रिकाम्या जागा जास्त म्हणून, एकदा ओळी अक्षरक्रमाने नाहीत म्हणून. एकदा म्हणाली, लिनक्सला काय आवडेल ते लिहू नका, बोर्डावर काय आहे ते लिहा. आणि शेवटी विचारलं, हा संदर्भ खरंच वेगळ्या चिपकडून येतो का, बोर्डावर पाहिलंत का? मी लिहिलं, हो. झालं! घेतली. खाली माझी सही, तिओह गिओक इम, पूर्ण नावानिशी, जगात कुणालाही वाचता येईल अशी. आजोबांच्या समाधीवर सुद्धा एवढं ठळक नाव नाही आपल्याकडे.

तुमची भाची
आ इम

•

बुकित तांबुन
१५ ऑक्टोबर

आ इम,

खोका आला. सुंदर आहे. आ किम म्हणते यात भात छान राहील.

दांडी धुतली, पुस्तकात लिहिलंय तशी दहा मिनिटं पाण्यात ठेवली. खोका म्हणतो ८.१. मी म्हटलं वा! माझ्या खाडीच्या पाण्यात इतका प्राणवायू, की उद्यापासून इथे रुग्णालय काढावं. मग तू फेकायला सांगितलेल्या थेंबांनी तपासलं. रंग जाईपर्यंत थेंब मोजले. साडेसहा.

म्हटलं म्हाताऱ्याचे डोळे, चुकले असतील. दोन बादल्या घेतल्या, समुद्राचं पाणी याच्यातून त्याच्यात वीस वेळा ओतलं, हात भरून आले. असं घुसळलेलं खारं पाणी आपल्या उकाड्यात साडेसहाच्या वर हवा धरतच नाही. ते काही माझं म्हणणं नाही, मत्स्य खात्याच्या तक्त्यात छापलंय, तो तक्ता तेलकट होऊन माझ्या भिंतीवर लटकलाय. थेंब साडेसहाच म्हणाले. खोका म्हणाला ८.१. बिचारा आपल्या मताशी ठाम आहे, घरातल्या कुणाची आठवण झाली म्हणून सांगू?

नाव जगभर गेलं, अभिनंदन. पूल ओलांडला की चाळीस मिनिटांवर मामाचं घर, तिथे मात्र एप्रिलातल्या समाधिपूजेपासून तू फिरकलेली नाहीस. ये, येताना तुझ्या इल्झेबाईलाही आण. बाई मला पटली. रिकाम्या जागा मोजते म्हणजे नीट बघते.

मी बाटल्या फेकलेल्या नाहीत.

आ कू

•

बायान लेपास
१९ ऑक्टोबर

आ कू,

थट्टा पुरे. तुमच्या थेंबांच्या बाटलीवर मुदत बघितलीत का? मागच्या समाधिपूजेला मी स्वतः बघितली होती, तेव्हाच दोन वर्षं उलटून गेलेली. तुम्ही शिळ्या औषधाने मोजता आणि नव्या यंत्राला खोटं पाडता. उचलली जीभ लावली टाळ्याला!

इथे चार अभियंत्यांनी हे यंत्र तपासलंय. आमचे चेआ साहेब स्वतः दोनदा सिंगापूरच्या प्रदर्शनात घेऊन गेले. फाइलीत संदर्भ चार व्होल्ट लिहिलाय, बोर्डाच्या नकाशात चार व्होल्ट आहे, म्हणजे चार व्होल्ट आहे. त्यात मतं मागवण्यासारखं काही नाही. बादल्यांनी विज्ञान होत असतं तर मी कशाला शिकले असते?

रागावू नका. पण नवं आलं की आधी त्यात खोट काढायची, ही तुमची जुनी खोड आहे. रंगीत टीव्ही आला तेव्हाही तुम्ही म्हणालात, हे टिकणार नाही.

आ इम

•

बुकित तांबुन
२ नोव्हेंबर

आ इम,

रंगीत टीव्ही टिकला, मान्य. दुरुस्त मीच करत होतो म्हणून टिकला.

बाटलीची मुदत गेली होती, तेही मान्य. निबोंग तेबालला जाऊन नवी आणली. साडेसहा. दुसऱ्या दुकानातून दुसरी आणली. साडेसहा. खोका ८.१. मग म्हटलं हातच्या काकणाला आरसा कशाला, चार स्क्रू काढले आणि आत बघितलं. हमीचा चिकटवलेला कागद फाटला. तुझ्या चेआ साहेबांना सांग, मामा गरीब आहे पण घाबरत नाही.

भिंग लावून बसलो. तुझी मोजणारी चिप सापडली. तिच्या शेजारी एका आठ पायांच्या चिपची जागा आखलेली आहे, नाव छापलंय, चौकट छापलीय, आणि चिप नाही! रिकामी खुर्ची. तिच्या दोन पायांमध्ये एक बारीक जोड टाकून संदर्भाची पिन सरळ बोर्डाच्या सामान्य पुरवठ्याला बांधलीय, जो बाकी सगळ्यांना पोसतो. मल्टिमीटर लावला. तीन पॉइंट अठ्ठावीस. खोका फोनशी बोलायला लागला की आणखी जरा खाली बसतो.

आता गणित तूच कर, तू शिकलीस. पाण्यातून येतंय ते तीन पॉइंट अठ्ठावीसच्या मापाने मोजायचं आणि चारच्या वर शहाण्णव हजारांश (छापलेल्या नावावरून त्या चिपचे चार व्होल्ट नेमके एवढे) असं समजून सांगायचं. पाव हिस्सा फुगतं. साडेसहाचे आठ पॉइंट एक. बरोबर?

म्हणजे खोका चारवर बोंबलेल तेव्हा पाण्यात सव्वातीनच उरलेला असेल. हेकरू तोवर वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतो.

एकच विचारतो. त्या रीगाच्या बाईने विचारलं, बोर्डावर पाहिलंत का. तू हो म्हणालीस. पाहिला होतास?

आ कू

•

बायान लेपास
१० नोव्हेंबर

आ कू,

नाही.

नकाशा पाहिला होता. बोर्डाची दुसरी आवृत्ती आली तेव्हा नकाशावर संदर्भाची चिप होती, मी त्यावरून फाइल लिहिली. तिसऱ्या आवृत्तीत खरेदीवाल्यांनी ती चिप उडवली, कारण ती मिळायला चौदा आठवडे लागत होते, आणि नकाशा कुणी बदललाच नाही. बोर्ड माझ्या टेबलापासून तीस पावलांवर, खालच्या मजल्यावर होता. इल्झेची मेल आली तेव्हा पाच वाजले होते, सहाव्यांदा परत येऊ नये एवढंच डोक्यात होतं. हो लिहायला किती वेळ लागतो?

तपासणीत कसं सापडलं नाही म्हणाल, तर आमच्याकडे प्रत्येक खोका वेगळा तपासायचा असतो, पण एकच तपासला जातो आणि त्याचे आकडे सगळ्यांत भरले जातात. तो एक खोका दुसऱ्या आवृत्तीचा होता. काल चेआ साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "चूक असं नको म्हणूस, अचूकतेत सुधारणा म्हण. पंधरा दिवसांत नवी फाइल देऊ, गाजावाजा कशाला?" शिवाय त्यांनी मला संत्र्यांची करंडी दिली.

तुम्ही खोका बंद ठेवा. थेंबच वापरा, तुमचं खरं निघालं. फक्त पंधरा दिवस कुणाजवळ बोलू नका, आ किमजवळ तर नाहीच. खोके अजून गोदामात आहेत, बाहेर तुमच्याकडचा एकच. कुणाचं काही अडत नाही. सगळीकडे झालं तर नोकरी जाईल ती जाईल, पण त्या सहीखाली लोक काय काय लिहितील! तिथे लिहिलेलं पुसत नाहीत कधी.

आ इम

•

बुकित तांबुन
२३ डिसेंबर

आ इम,

काल तांग चेकचा सण झाला. आ किमने कुए ई, म्हणजे तांदळाचे गोळे, वळले, लाल आणि पांढरे. तुझ्या वाटीतले मी खाल्ले. एक वर्ष वाढलं असं म्हणतात खाल्ल्यावर, तेव्हा मी आता तुझ्यासाठीही म्हातारा झालो.

तुझे पंधरा दिवस सहा आठवड्यांचे झाले. हे तरी कुठल्या संदर्भाने मोजतेस?

आणि खोके गोदामात आहेत असं तू लिहिलं होतंस. मग शेजारच्या बून सेंगच्या पिंजऱ्यांवर एक पांढरा खोका लटकतोय, तो काय गोदाम आहे? येआप बून सेंग, माझ्या पलीकडचे सात पिंजरे, तुला लहानपणी कालवं उघडून द्यायचा तो. नोव्हेंबरच्या शेवटी निबोंग तेबालच्या दुकानातून घेऊन आला. दुकानात अजून सहा आहेत म्हणाला.

आता जे सांगतो ते ऐकून हसू नकोस. तुला पत्रात मी किती टोचलं, आठवतंय ना? पण तेव्हाच, ऑक्टोबरात खोका आला त्या दिवशी, मी तो काखेत मारून धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात गेलो होतो. सगळ्यांना दाखवला. म्हटलं आमच्या आ इमने केलाय, जगभरच्या लिनक्सात पोरीची सही आहे, तुमच्या पोरांची आहे का कुठे? बून सेंगचा मुलगा सिंगापुरात लिफ्ट बसवतो, बून सेंगला जरा लागलं. म्हणून त्याने घेतला खोका.

परवा मला दाखवत होता. "बघ बघ, आठ!" मी बघितलं आणि म्हटलं, छान. तोंडाला कुलूप घातलंय मी, तुझ्या सांगण्यावरून आणि माझ्या फुशारकीवरूनही. कोणत्या तोंडाने सांगू की ज्या सहीचा एवढा डंका पिटला ती खोटी आहे?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भांगाची, म्हणजे सुस्त भरती-ओहोटी आहे. पाणी हलत नाही, ढग राहिले तर पाण्यातलं हिरवं शेवाळ एकदम मरतं आणि सगळी हवा खाऊन टाकतं. त्याच्या आत फाइल दे.

आ कू

•

बायान लेपास
२८ डिसेंबर

आ कू,

खरंच सांगते, मला ठाऊक नव्हतं. विक्री विभागाने आम्हाला न विचारता एक्केचाळीस खोके दुकानांत टाकले. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा आमचा कारभार आहे. साहेबांपुढे गेले. ते म्हणाले नव्या आवृत्तीवर खरी चिप बसते आहे, जानेवारीच्या प्रदर्शनानंतर सगळ्यांना एकदमच बदलून देऊ, तोवर आपणच आपल्या नावाने बोंब मारायची का? आत्ता बोललीस तर प्रदर्शन बुडेल आणि तीस माणसं घरी बसतील, असंही म्हणाले.

इल्झेला पाठवायची फाइल तयार आहे. एक ओळ बदलायची आहे, चारच्या जागी तीन पॉइंट तीन आणि वेगळ्या चिपच्या जागी सामान्य पुरवठा. ती माझ्याकडे पडून आहे. पाठवली की सगळ्यांना दिसणार.

बून सेंग काकांना तुम्ही असं करा ना, सहज बोलता बोलता सांगा, की खोका गप्प असला तरी हवेचा पंप अधूनमधून चालू ठेव, माशांना बरं असतं. खोक्याचं नाव काढायची गरजच नाही. तीनच आठवडे तर आहेत.

तुम्ही रागावलात, मला कळतंय. फेब्रुवारीत नव्या वर्षाला नक्की येते.

आ इम

•

बुकित तांबुन
७ जानेवारी

गिओक इम,

तू सांगितलंस तसं सांगितलं. परवा सकाळी म्हटलं, बून सेंग, खोका गप्प असला तरी पंप लाव रे जरा. तो हसला. म्हणाला, "म्हणजे काय? तुझ्या भाचीवर तुझाच विश्वास नाही?" आजूबाजूला चार माणसं. मीही हसलो.

काल त्याच्या पुतणीचा साखरपुडा होता बुकित मर्ताजमला. सगळं घर गेलं. पंपाच्या खोलीला कुलूप, कारण खोका फोनवर सांगणारच होता. चार दिवस ढग होते, सकाळी अकरा वाजता पाणी हिरव्याचं तपकिरी झालं आणि वास सुटला. मी थेंब टाकले, माझ्याकडे पावणेचार. माझे पंप लावले आणि त्याच्या पिंजऱ्यांकडे होडी घातली. त्याचा खोका ४.६ दाखवत होता. हिरवा दिवा! खाली मासे तोंड वर करून.

फोन केला तर तिकडे बाजा वाजत होता, पहिले दोन त्याने उचललेच नाहीत. कुलूप तोडायला मला पंधरा मिनिटं लागली, हात चालत नाहीत आता पूर्वीसारखे. पंप सुरू झाला तेव्हा खोका बोंबलायला लागला. एवढा मोठा आवाज करतो, चांगला आवाज आहे. तोवर पाण्यात काही उरलं नव्हतं. तो चांगल्या कपड्यांत धावत आला, बुटांसकट पिंजऱ्यात उतरला आणि हाताने मासे हलवायला लागला, जागे हो म्हणत.

अठराशे हेकरू. एकही राहिला नाही. माझे सगळे जिवंत आहेत, कारण मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. त्याचे मेले, कारण मी त्याला ठेवायला लावला.

त्याला अजून काही सांगितलेलं नाही. तो म्हणतो खाडीच वाईट, नशीबच वाईट. आज सकाळी मला म्हणाला, तू वेळेवर कुलूप तोडलंस म्हणून तुझे उपकार.

तुझा मामा

•

बायान लेपास
९ जानेवारी

आ कू,

माझ्यामुळे झालं. खरेदीवाले, साहेब, नकाशा, सगळे आहेत, पण मला विचारलं गेलं होतं आणि मी हो म्हटलं. मग कळल्यावर दोन महिने गप्प बसले आणि तुम्हालाही बसवलं. मला स्वतःची लाज वाटते.

काल दिवसभर फोन केले. दुकानदारांकडून यादी घेतली, एक्केचाळीस खोके, बून सेंग काकांचा सोडून चाळीस माणसं. प्रत्येकाला सांगितलं, आकड्यावर विसंबू नका, खोका बंद करा. पेराकच्या एका बाईने अर्धा तास शिव्या घातल्या, मी ऐकून घेतल्या. आज सकाळी माझं ओळखपत्र कंपनीच्या दाराला चालेना. पहारेकऱ्याने खुर्ची दिली बसायला, आणि नंतर माझं सामान एका करंडीत घालून खाली आलं. ती संत्र्यांचीच करंडी होती.

फाइल आता माझ्या घरच्या पत्त्यावरून पाठवतेय. इल्झेला असं लिहिलंय, वाचा:

"या बोर्डावर संदर्भाची वेगळी चिप नाही. संदर्भाची पिन सामान्य पुरवठ्याला जोडलेली आहे, तीन पॉइंट तीन. आधीच्या फाइलीत मी चार लिहिले होते. बोर्ड पाहिला का असं मला विचारलं होतं आणि मी हो म्हणाले होते. मी पाहिला नव्हता. त्यामुळे ऑक्सिजन पाव हिस्सा जास्त दिसतो. हे मला नोव्हेंबरपासून माहीत होतं. या चुकीमुळे एका माणसाचे सगळे मासे मेले."

इतकं कुणी लिहीत नाही तिथे. लोक लिहितात, मूल्य दुरुस्त केलं, बस. मी तसंच लिहिलं होतं आधी, मग खोडलं.

एक विचारायचं आहे. तिथे रीत अशी, की चूक ज्याने दाखवून दिली त्याचं नाव दुरुस्तीच्या खाली वेगळ्या ओळीत घालायचं, माझ्या सहीच्या वर. ते नावही कायमचं राहतं. भिंग लावून रिकामी जागा शोधली ती तुम्ही, तेव्हा "कळवणारा, ओई तिएक होक" असं लिहिते. पण विचारल्याशिवाय कुणाचं नाव घालायचं नाही, असाही नियम आहे. उद्या सकाळी दहाला पाठवणार. त्याआधी हो म्हणा.

आ इम

•

बुकित तांबुन
१० जानेवारी, सकाळ

आ इम,

थांब, दहा वाजायचेत अजून.

तुझं पत्र घेऊन काल संध्याकाळी बून सेंगकडे गेलो. तो रिकाम्या पिंजऱ्यांची जाळी घासत बसला होता. सगळं वाचून दाखवलं. तुझं ऑक्टोबरचं, माझं नोव्हेंबरचं, तू गप्प राहायला सांगितलेलं, मी राहिलेलो, आणि तो "छान"सुद्धा. त्याच्या बायकोने आणलेला चहा त्याने परत पाठवला.

शेवटी तुझी ती ओळ वाचली, कळवणारा म्हणून माझं नाव. तेव्हा त्याने ब्रश खाली ठेवला.

"तुझं?" म्हणाला. "तू कुणाला काय कळवलंस?"

मी उभा राहिलो. तुला पत्रातून टोमणे मारले, ते कळवणं झालं का? पलीकडे दोन होड्यांच्या अंतरावर माणूस होता, त्याला कळवलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांतल्या चुका काढून पोट भरलं मी, आणि ही एक चूक खिशात घालून फिरलो, माझी लाज राहावी म्हणून.

त्याने विचारलं, "ते नाव राहतं का खरंच? पुसत नाहीत?" म्हटलं, नाही पुसत. मग आत गेला आणि ओळखपत्र घेऊन आला, त्यावर आहे तसंच माझं नाव तिथे घालायला सांग म्हणाला, एक अक्षर इकडे तिकडे नको. आणि म्हणाला, रविवारी तिला माझ्याकडे पाठव. पूल ओलांडून येऊ दे, तुझ्या घरी आधी जायचं नाही, सरळ इथे. काय बोलणार आहे ते मला सांगितलं नाही. तू ये. मी सोबत येणार नाही, त्याने नको म्हटलंय.

तेव्हा माझं नाव काढ. लिही, कळवणारा, येआप बून सेंग, बुकित तांबुन. गावाचं नाव घालायची रीत नसेल तरी घाल.

आ कू